पाच इंचांचा हिशेब : गॅसमधले थेंब कुठे अडवायचे?

आज आकडे बरेच आहेत. ऐकताना निसटले तर काळजी नको, पूर्ण मजकूर इथे लिहून ठेवलाय. सावकाश वाचा.

नवीन लोकांसाठी माझी ओळख. मी अमरावतीची. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझं काम म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांचे हिशेब करणारे प्रोग्रॅम लिहिणं. माझ्या कोडमधून निघालेल्या आकड्यावर कुणीतरी लोखंड कापतं, वेल्डिंग करतं आणि ते यंत्र पुढची वीस-पंचवीस वर्षं चालवतं. त्यामुळे आकडा स्क्रीनवर हिरवा दिसला तरी मला लगेच शांत झोप लागत नाही. आज का लागत नाही तेच सांगते.

विषय आहे मिस्ट एलिमिनेटर. साइटवर लोक त्याला डेमिस्टर म्हणतात. नाव जड आहे, पण वस्तू तुमच्या ओळखीची आहे.

आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. घरोघरी कूलर. ताट्या चांगल्या भिजलेल्या असताना फॅन फुल केला, की थंड हवेबरोबर अंगावर बारीक पाणी उडतं. गादी ओली होते, मोबाइलच्या स्क्रीनवर थेंब पडतात. फॅन एक नंबर कमी केला की पाणी उडणं थांबतं. पाणी तेच, ताट्या त्याच, फक्त हवेचा वेग बदलला.

दुसरं उदाहरण कुकरचं. डाळ जास्त भरली की शिट्टीबरोबर पिवळं पाणी उडतं आणि मागची भिंत रंगते. इथे अडचण जागेची आहे. खालचा फेस आणि वरची शिट्टी यांच्यात अंतरच उरलेलं नाही.

वेग आणि अंतर. आजचा सगळा भाग या दोन शब्दांचा आहे.

थोडंसं पाणी गेलं तर बिघडतं काय?

अकोल्याकडून शेगावला रेल्वेने जाताना पारस लागतं. तिथल्या वीज केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठेला २७० मेगावॉटचे पाच. चिमण्या आपण सगळ्यांनी लांबून पाहिल्यात. पण या संचांच्या बॉयलरमध्ये, सगळ्यात वर, एक लांबलचक आडवं पोलादी पिंप असतं. त्याला ड्रम म्हणतात. खालून उकळतं पाणी आणि वाफ एकत्र येतात. ड्रमचं काम एवढंच की पाणी खाली परत पाठवायचं आणि कोरडी वाफ वर सोडायची.

२५० मेगावॉटच्या संचाला तासाला सुमारे ८०० टन वाफ लागते. समजा त्या वाफेबरोबर फक्त ०.१ टक्का पाणी थेंबांच्या रूपात गेलं. हजारात एक भाग. ऐकायला काहीच नाही. पण ८०० टनांचा हजारावा भाग म्हणजे तासाला ८०० किलो, दिवसाला १९ टन. त्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. पुढे सुपरहीटरच्या नळ्यांमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार आतच चिकटतात. क्षारांचा थर बसला की नळीची उष्णता वाफेपर्यंत नीट पोचत नाही, नळी प्रमाणाबाहेर तापते आणि एक दिवस फुटते. काही क्षार टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसतात.

गॅसच्या बाबतीतही असंच. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात १९७४ मध्ये मुंबई हायचं तेल सापडलं, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. विहिरीतून तेल, गॅस आणि पाणी एकत्रच येतं. ते सेपरेटरमध्ये वेगळं करायचं आणि गॅस कॉम्प्रेसरकडे पाठवायचा. गॅस दाबला जातो, पाणी दाबलं जात नाही. कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर व्हॉल्व्ह तुटतात, कधी त्याहून मोठं नुकसान होतं. आणि मशीन चालू असताना त्याच्या शेजारी माणसं उभी असतात.

थेंब अडवायचे कसे?

पहिला मार्ग गुरुत्वाकर्षणाचा. व्हेसल रुंद करा, गॅस हळू चालू द्या, थेंब आपोआप खाली पडतील. मोठ्या थेंबांना हे जमतं. पण थेंबाचा व्यास १० पट कमी झाला की त्याचं वजन १,००० पट कमी होतं आणि खाली पडण्याचा वेग साधारण १०० पट कमी होतो. १०० मायक्रॉनचा थेंब, म्हणजे केसापेक्षा थोडा जाड, तो पडेल. १० मायक्रॉनच्या थेंबासाठी थांबायचं तर व्हेसल मंगल कार्यालयाएवढं बांधावं लागेल.

दुसरा मार्ग वळणाचा. चिखलदऱ्याच्या घाटात एसटी वळते तेव्हा आपण खिडकीकडे फेकले जातो. गाडी वळते, आपलं शरीर सरळ जायला बघतं. नागमोडी पत्रे एकाशेजारी एक उभे करून त्यांच्यामधून गॅस सोडला, तर गॅस वळतो, जड थेंब वळत नाही. तो पत्र्यावर आदळतो, तिथे पाणी जमतं आणि खाली ओघळतं. याला वेन पॅक म्हणतात. साधारण १० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे थेंब असे सापडतात.

तिसरा मार्ग तारेच्या जाळीचा. भांडी घासायची तारेची घासणी डोळ्यासमोर आणा. तशीच विणलेली तार, १०० ते १५० मिलिमीटर जाडीच्या गादीसारखी रचलेली. हाताला दाट लागते, पण तिच्यातली ९७-९८ टक्के जागा मोकळी असते. गॅस तारेला वळसा घालून जातो, थेंब तारेवर आपटतो. थेंबाला थेंब मिळून मोठा झाला की खाली टपकतो. ५ ते १० मायक्रॉनचे थेंबही ही जाळी पकडते. त्याहून बारीक, ३ मायक्रॉनच्या खालचं धुकं असेल, तर मेणबत्तीच्या आकाराचे फायबरचे फिल्टर लागतात. ते महाग असतात आणि प्रेशरही जास्त खातात.

मोठं घेतलं म्हणजे सुरक्षित?

जाळीवर थेंब आपटण्यासाठी त्याच्याकडे वेग हवा. गॅस फारच हळू आला तर बारीक थेंब तारेजवळून गॅसबरोबरच वळतो आणि निघून जातो. उलट गॅस फार जोरात आला तर जाळीत अडकलेलं पाणी खाली टपकूच शकत नाही. जाळी तुडुंब भरते आणि वरच्या बाजूने पाणी पुन्हा थेंब होऊन उडतं. फुल फॅनवरचा कूलर तो हाच.

म्हणजे वेगाला दोन्हीकडून कुंपण आहे. तारेची जाळी साधारण तिच्या डिझाइन वेगाच्या ३० टक्क्यांपासून ११० टक्क्यांपर्यंत नीट काम करते. 'असू दे, एक साइझ मोठं घेऊ' असं म्हणून दुप्पट-तिप्पट मोठं व्हेसल घेतलं आणि प्लांट अर्ध्या लोडवर चालला, तर पैसेही जास्त जातात आणि बारीक थेंबही सुटतात.

वरची मर्यादा काढायचं सूत्र १९३४ चं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले सौडर्स आणि ब्राउन डिस्टिलेशन कॉलमवर काम करत होते, तिथून ते आलं. शब्दांत सांगते :

जास्तीत जास्त वेग = के × वर्गमूळ [(द्रवाची घनता − वायूची घनता) ÷ वायूची घनता]

वर्गमूळाच्या आतला भाग सांगतो की गॅसच्या तुलनेत थेंब किती जड आहे. 'के' हा अनुभवातून आलेला आकडा. तारेच्या जाळीसाठी सेकंदाला ०.१०७ मीटर धरतात. तो ७ बार दाबापर्यंत चालतो, पुढे दर ७ बारला साधारण ०.००३ ने कमी करायचा.

इथे एक सापळा आहे. जुन्या अमेरिकन पुस्तकांत हाच 'के' ०.३५ लिहिलेला असतो, कारण तो फुटांत आहे. एका कंपनीकडून आमच्याकडे आलेल्या एक्सेल शीटमध्ये ०.३५ होतं आणि शेजारी एकक लिहिलेलंच नव्हतं. बाकी सगळं शीट मीटरमध्ये. तो आकडा तसाच वापरला तर वेग ३.३ पट जास्त येतो आणि व्हेसल तेवढंच बारीक निघतं. म्हणून माझ्या प्रोग्रॅममध्ये एकक निवडल्याशिवाय 'के'चा रकाना उघडतच नाही. लोक वैतागतात. वैतागू देत.

आता सूत्रात आकडे घालू. साध्या दाबाला हवा आणि पाणी घेतलं तर वर्गमूळ येतं जवळपास २९, आणि वेगाची मर्यादा सेकंदाला सुमारे ३ मीटर. आता ४० बार दाबाचा नैसर्गिक गॅस घ्या. त्याची घनता समजा ३२, सोबतच्या द्रवाची ७५०. वर्गमूळ येतं ४.७. या दाबाला 'के' ०.०९३ धरला, तर मर्यादा ०.४४ मीटर. तीन मीटरवरून अर्ध्या मीटरच्याही खाली!

आणि बॉयलरचा ड्रम? १५० बारला पाण्याची घनता ६०३ आणि वाफेची ९७. तिथे वर्गमूळ येतं फक्त २.३. उघड्या पातेल्यातल्या वाफेसाठी हेच गणित केलं तर ४० येतं. दाब वाढला की वाफ जड होते, पाणी हलकं होतं आणि दोघांना वेगळं करणं अवघड होत जातं. म्हणून अशा ड्रममध्ये नुसती एक जाळी बसवून भागत नाही. आधी वाफ-पाण्याचं मिश्रण गोल फिरवणारे सेपरेटर असतात, ते बहुतेक पाणी बाहेर फेकतात. त्यानंतर वरच्या बाजूला नागमोडी पत्र्यांचे ड्रायर. मोठं काम आधी आणि बारीक काम शेवटी. जाळी किंवा ड्रायर नेहमी शेवटचा पहारेकरी असतो. पहिल्या दारावरची सगळी गर्दी त्याच्या अंगावर सोडायची नसते.

हिशेब बरोबर, तरी गॅस ओला

आता पाच इंचांची गोष्ट. आमच्याकडे एक ड्रॉइंग तपासायला आलं. कंपनीचं नाव सांगणार नाही. उभं व्हेसल, आतला व्यास १,२०० मिलिमीटर, ४० बारचा गॅस. व्हेसलच्या पुढे गॅस सुकवणारं युनिट होतं. त्यातल्या दाण्यांवर पाणी किंवा तेल पडलं की दाणे फुटून त्यांचा चुरा होतो. तक्रार अशी की दाणे फार लवकर खराब होतायत. आणि शीट म्हणत होतं की सेपरेटर एकदम ओके.

शीटचा हिशेब असा. सेकंदाला ०.४० घनमीटर गॅस, व्हेसलचं क्षेत्रफळ १.१३ चौरस मीटर, वेग ०.३५. मर्यादा ०.४४. पास.

पण जाळी हवेत तरंगत नाही. ती टेकवायला आतून कडेने ५० मिलिमीटरची रिंग असते. रिंगवरच्या जाळीतून गॅस जात नाही. मोकळा व्यास उरला १,१००, क्षेत्रफळ ०.९५, वेग ०.४२. अजूनही पास, पण काठावर.

आता वर बघा. व्हेसलच्या डोमवर मधोमध २५० मिलिमीटरचा आउटलेट पाइप. जाळीच्या वरच्या बाजूपासून पाइपाच्या तोंडापर्यंत अंतर ३०० मिलिमीटर. गॅस आळशी असतो, जवळचा रस्ता बघतो. पाइप मध्ये आहे, तर तो मधूनच जाणार. यासाठी एक ठोकताळा वापरतात : पाइपाच्या कडेपासून ४५ अंशांची रेघ खाली जाळीपर्यंत ओढा. त्या वर्तुळातली जाळी खरी कामाला लागते. इथे ते वर्तुळ येतं २५० अधिक दोन्ही बाजूंचे ३००-३००, म्हणजे ८५० मिलिमीटर. क्षेत्रफळ ०.५७. वेग ०.७०.

शीटवर ०.३५, प्रत्यक्षात मधल्या भागात त्याच्या दुप्पट! मर्यादा ०.४४. म्हणजे मधली जाळी तुंबलेली आणि कडेची जाळी जवळपास रिकामी बसलेली. गॅस खरंच कुठून वाहतो हे त्या शीटने विचारलंच नव्हतं.

पूर्ण जाळी वापरात आणायला किती अंतर हवं? १,१०० मधून २५० वजा करून निम्मं, म्हणजे ४२५ मिलिमीटर. आहे ३००. कमी पडले १२५. पाच इंच!

मग जाळी पाच इंच खाली सरकवा, झालं काम? थांबा. खाली इनलेटचा पाइप आहे. तिथून गॅस जोराने आत शिरतो. जाळी त्याच्या फार जवळ गेली तर झोत जाळीच्या एकाच बाजूवर आदळेल आणि तोच त्रास खालून सुरू होईल. त्याच्याही खाली द्रवाची पातळी आहे. ती इनलेटच्या जवळ आली तर झोताने पाणी उडतं, कुकरच्या डाळीसारखं. म्हणजे वरून खाली चार गोष्टींना जागा द्यायची असते : आउटलेट ते जाळी, जाळी ते इनलेट, इनलेट ते पाणी, आणि पाण्याची स्वतःची चढ-उतार. एकाची जागा दुसऱ्याला दिली की कुठेतरी टंचाई होते. नवीन व्हेसल असेल तर ते थोडं उंच करणं स्वस्त पडतं. बांधून झालेलं असेल तर इनलेटला झोत पसरवणारी पाती लावणं किंवा जाळीच्या वर भोकांचा पत्रा बसवून गॅस वाटून घेणं, असे मार्ग उरतात.

बॉयलरच्या ड्रममध्ये हीच काळजी वेगळ्या रीतीने घेतलेली असते. तिथे वाफ बाहेर जायला एकच मोठा पाइप नसतो. ड्रमच्या पूर्ण लांबीवर ओळीने पाइप असतात, म्हणजे ड्रायरच्या प्रत्येक भागातून सारखी वाफ निघते. आणि ड्रममधली पाण्याची पातळी ठरलेल्या रेषेच्या फार वर गेली तर संच आपोआप बंद होतो. पूर्ण संच बंद पडण्याचं नुकसान परवडतं, टर्बाइनमध्ये पाणी गेलेलं परवडत नाही.

जाळी कुठे बसवायची नाही

उरणच्या बाजूला गेलात तर प्लांटच्या उंच पाइपाच्या टोकाला ज्योत दिसते. ती फ्लेअर. प्लांटमध्ये दाब अचानक वाढला तर गॅस सुटायला तो शेवटचा मोकळा रस्ता असतो. फ्लेअरच्या आधीही द्रव वेगळा करायचं व्हेसल असतं. पण त्यात साधारणपणे जाळी बसवत नाहीत. जाळी घाणीने चोंदली किंवा सुटून पाइपात अडकली तर सुटकेचा रस्ताच बंद. म्हणून तिथे ३०० ते ६०० मायक्रॉनचे मोठे थेंब नुसत्या गुरुत्वाकर्षणाने पाडतात आणि बारीक थेंब जळू देतात. म्हणजे थोडं ओलं चालेल, अडलेलं चालणार नाही.

मेण, गाळ किंवा क्षार चिकटणारं काम असेल तर दाट जाळीपेक्षा वेन पॅक बरा, धुता येतो. आणि जाळी कुठेही असो, तिला वरूनही पट्ट्यांनी दाबून ठेवायची. गॅसचा एक जोराचा धक्का आला की खालून मोकळी जाळी उचलली जाते.

अजून दोन गोष्टी जाळीच्या हातातल्या नाहीत. एक म्हणजे फेस. पाण्यात तेल किंवा केमिकल गेलं आणि फेस जाळीपर्यंत चढला, तर तिथे सूत्र संपलं. ग्लायकॉल किंवा अमाइनसारख्या द्रवांना 'के' ०.६ ते ०.८ ने गुणून कमी करतात. दुसरी गोष्ट सिलिका. जास्त दाबाच्या वाफेत सिलिका वाफेतच विरघळून जाते. तिथे थेंबच नाही, तर जाळी अडवणार काय? त्यासाठी बॉयलरला द्यायचं पाणीच शुद्ध करावं लागतं.

आपल्यासाठी यात काय आहे?

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण डिप्लोमा किंवा बीई करून एखाद्या एमआयडीसीत लागले असाल, काही जण माझ्यासारखे लॅपटॉपवर असाल. दोघांनाही तयार सॉफ्टवेअर मिळेल. त्यात सहा आकडे टाका, ते हिरवं किंवा लाल दाखवेल. पण ड्रॉइंग हातात आलं की हे पाच प्रश्न विचारा :

१. 'के' कोणत्या एककात आहे, आणि दाबासाठी कमी केलाय का?

२. क्षेत्रफळ व्हेसलचं धरलंय की रिंग वजा करून उरलेल्या जाळीचं?

३. सगळ्यात कमी लोडला वेग किती? ३० टक्क्यांच्या खाली जातो का?

४. आउटलेटपासून ४५ अंशांची रेघ ओढली तर जाळीचा किती भाग आत येतो?

५. जाळी चोंदली किंवा सुटली, तर पुढे काय होईल?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याला कुठल्याच शीटमध्ये रकाना नसतो.

त्या ड्रॉइंगनंतर मी आमच्या प्रोग्रॅममध्ये जाळीच्या वरचं आणि खालचं अंतर भरणं सक्तीचं केलं. ते भरल्याशिवाय उत्तर हिरवं होत नाही. आमचे एक सीनियर म्हणाले, "मॅडम, काहून एवढा त्रास देता लोकांना? आधी तर एका मिनिटात व्हायचं." मी म्हटलं, "सर, आता तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात त्यांना ड्रॉइंग उघडून बघावं लागतं." ते हसले आणि म्हणाले, "मग राहू द्या."

तुमच्या प्लांटवर ओल्या गॅसचा किंवा ओल्या वाफेचा काही अनुभव असेल तर कंपनीचं नाव न घेता व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात कूलिंग टॉवर. त्यातून उडणारे थेंब अडवण्याची पद्धत याच कुटुंबातली आहे, पण तिथली भांडणं वेगळी आहेत. तोवर काळजी घ्या, उन्हात फिरू नका. भेटूच!